मुकादमाची पहिली पीसगळ

‘सदर पक्षी सांसर्गिक त्वचारोगाने ग्रस्त असून परवानाधारक महिलेच्या हलगर्जीपणामुळे त्याची अवस्था शोचनीय झाली आहे. सबब, परवाना रद्द करून पक्षी इमारतीबाहेर का हलवण्यात येऊ नये, याचा खुलासा चौदाव्या दिवशी समितीसमोर करावा.’

एवढा मजकूर आमच्या इमारतीच्या सचिवांनी एका सकाळी आमच्या दारावर चिकटवला, खाली सही केली, सहीखाली ‘निवृत्त स्वच्छता निरीक्षक’ असा शिक्का मारला आणि घंटा न वाजवता ते जिना उतरून गेले. न वाजवलेली घंटा मी सर्वांत आधी नोंदवते. ज्या माणसाला दारामागच्या पक्ष्याच्या त्वचेविषयी इतके नक्की ठाऊक होते, त्याने ते दार कधी उघडायला लावले नव्हते.

हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणे हा माझा धंदा. एकाच ग्रंथाच्या नऊ प्रती समोर ठेवून कोणत्या लेखनिकाने काय पाहून लिहिले आणि काय न पाहताच लिहिले, हे ठरवण्यात माझी तीस वर्षे गेली. नोटीसही मी उंबऱ्यात उभी राहून त्याच सवयीने वाचली. ‘सदर पक्षी’ म्हणजे कोणता? सचिवांनी पाहिलेला नव्हे. त्यांनी पाहिली होती जिन्यात उडून गेलेली सात पिसे. ती त्यांनी चिमट्याने उचलून पाकिटात भरली होती आणि पुरावा म्हणून नोटिशीला टाचून आमची आम्हालाच परत केली होती. ‘सांसर्गिक’ म्हणावे तर संसर्ग व्हायला दुसरा कुणी लागतो. इमारतीत दुसरा पाळीव पक्षी नव्हता, आणि गच्चीवरची कबुतरे कुणाचाही परवाना न घेता अंगभर पिसे मिरवीत सुखाने नांदत होती. ‘त्वचारोग’ म्हणावा तर सातही पिसे देठापासून टोकापर्यंत अखंड होती. कुरतडलेले, रक्ताळलेले, मोडलेले त्यांत एकही नव्हते. ज्या निरीक्षकाने आयुष्यभर गटारांची झाकणे न उघडता ती स्वच्छ असल्याचे दाखले दिले असतील, त्याने पिंजरा न पाहता रोगाचा दाखला द्यावा, यात सातत्य तरी होते.

‘हलगर्जीपणा’ या शब्दाशी मात्र मी थांबले नाही. तिथे थांबायला हवे होते.

“काय लिहिलंय गं?” ताई आतून आली. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या.

“तुझ्या मुकादमाला खरूज झालीय, आणि ती तू लावलीस.”

ताईने टाचण्या काढून पदराला खोचल्या. “त्या बाबाला म्हणावं, तुझ्या डोक्यावरचे सगळे गेले तेव्हा आम्ही नोटीस लावली होती का?”

मुकादम हा ताईचा पोपट. वय नऊ महिने. ताईने कपडे शिवण्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षे काढली. एका रांगेत साठ बायका, साठ यंत्रे, आणि यंत्रांच्या वर चढलेल्या साठ आवाजांत रोजची थट्टा, भांडणे, बाळंतपणाच्या बातम्या. निवृत्तीनंतर तिने घरातच शिवणकाम सुरू केले, आणि तिला पहिल्यांदा कळले की तिची धाकटी बहीण दिवसभरात साधारण अकरा शब्द बोलते. त्या आठवड्यातच तिने इमारतीच्या समितीचा परवाना काढून पिल्लू आणले, चमच्याने भरवून वाढवले. ते शिवणयंत्राच्या कडेला बसून तिच्या कामावर नजर ठेवी आणि गिऱ्हाइकांच्या आवाजात विचारी, “झालं का? झालं का?” म्हणून तो मुकादम. “या घरात दिवसा बोलणारं एवढंच एक आहे,” असे ताई पाहुण्यांना माझ्यादेखत सांगे. ते विनोद म्हणून सांगे, आणि पाहुणे हसत. पोपट इमारतीबाहेर गेला असता तर नेमके काय गेले असते, हे त्या विनोदात होते.

नोटिशीच्या तीन आठवडे आधी त्याची पिसे झडू लागली होती. छातीवर ठिगळे दिसू लागली, शेपूट अर्धी झाली, आणि एका गिऱ्हाइकाच्या काळ्या मखमली झग्याला हिरवा कोंडा चिकटला. ताई घाबरली. मी घाबरले नाही, मी वाचले. पक्ष्यांच्या पहिल्या पीसगळीविषयी जे जे छापले गेले आहे ते चार दिवसांत वाचून मी निर्णय दिला: हा रोग नव्हे, पिल्लाची पिसे जाऊन प्रौढ पिसे येण्याचा काळ आहे, या काळात पक्ष्याला शांतता हवी, ऊब हवी, बारा तास अंधाराची झोप हवी. शिवणाच्या खोलीत यांतले एकही मिळणार नव्हते. माझ्या अभ्यासिकेत तिन्ही होते. जाड पडदे, बंद दार, येणारे-जाणारे कुणी नाही. पिंजरा मी माझ्या हस्तलिखितांच्या कपाटांमध्ये ठेवून घेतला आणि आपल्या औदार्यावर बेहद्द खूश झाले.

मुकादम तिथे दिवसेंदिवस बिघडत गेला. तो दिवसभर स्वतःला खाजवी, दांडीवर मान घाशी आणि किंचाळे. पूर्वी तो बोलत असे. आता तो नुसता ओरडत होता. शेजाऱ्यांनी सचिवांकडे तक्रार केली, सचिवांना जिन्यात पिसे सापडली, आणि आपण पुन्हा दारावरच्या कागदापाशी आलो.

दुसऱ्या दिवशी मी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावले. मला उपचार नको होते, मला प्रमाणपत्र हवे होते. अकरा पानांचा खुलासा मी आदल्या दिवशीच लिहून काढला होता. त्याला जोडायला एका सहीची गरज होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. दहा मिनिटे पिंजऱ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसून त्यांनी काही न करता नुसते पाहिले. मग ताईकडे वळून म्हणाल्या, “रोगबिग काही नाही, मावशी. पहिली पीसगळ आहे. लहानपणचा अंगरखा उतरतोय, मोठेपणचा चढतोय.”

“बघा,” मी म्हणाले.

“पण त्याला एवढा त्रास व्हायला नको होता.” त्यांनी मला जवळ बोलावून त्याचे डोके दाखवले. काट्यांची टोपी घातल्यासारखे ते दिसत होते. “नवं पीस खोळीत गुंडाळलेलं येतं. खोळ मऊ राहिली तर वेळ आली की तिचा भुगा होतो आणि पीस उलगडतं. याच्या खोळी कडक झाल्यात. अंगभर टाचण्या घेऊन बसलाय बिचारा. अंघोळ घालता का?”

“तिथे पाणी चालत नाही,” ताई हळूच म्हणाली. “हिची कागदपत्रं आहेत.”

“आणि खोलीतली हवा किती कोरडी आहे?”

मी भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे बोट दाखवले. मला तेव्हा अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. “चौतीस टक्के. दहा वर्षांत फार तर एखादा टक्का इकडेतिकडे.”

“कागदांसाठी?”

“कागदांसाठी.”

“मग कागद मजेत असतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याला पन्नास-साठ तरी लागेल.”

कपाटामागे हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घरघरत होते. ते दहा वर्षे तिथे घरघरत होते. एका पावसाळी बुरशीने माझी दोन हस्तलिखिते खाल्ली तेव्हापासून. मी त्याचा आवाज ऐकणे केव्हाच सोडून दिले होते. पक्ष्याला शांतता, ऊब आणि अंधार हवा हे मी वाचले होते, आणि दमटपणा हवा हेही वाचले होते. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघसुद्धा मारली होती. वाळवंट मात्र माझ्याच खोलीत आहे, हे वाचायला पुस्तक उपयोगी नव्हते.

वाईट हे, की मला हे आधी सांगितले गेले होते. ताईनेच सांगितले होते. पहिल्या दिवशी म्हणाली, “तुझ्या खोलीत माझाही घसा सुकतो गं.” मी तिला सांगितले की घसा आणि पीस यांच्या रचनेत मूलभूत फरक असतो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तो घरघऱ्या बंद करून बघू या का?” मी तिला बुरशीची कथा पुन्हा ऐकवली. आठव्या दिवशी तिने विचारले नाही. यंत्र परस्पर बंद केले. मी ते चालू केले आणि वर चिठ्ठी लावली: ‘कृपया बंद करू नये.’ घरातल्या घरात, बहिणीला, लेखी. आता ती चिठ्ठी डॉक्टरीणबाई वाचत होत्या.

“पिंजरा परत तुझ्या खोलीत नेऊ या,” मी म्हणाले.

“नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जागेची सवय झालीय. आता पुन्हा हलवला तर बिथरेल, धडपडेल. हे गडद कोंब दिसतात ना, यांत रक्त आहे. एखादा मुळापाशी मोडला तर भळाभळा वाहतं.”

“मग?”

ताईने मोजपट्टी गळ्यातून काढून खुंटीला लावली. “मग काय पंडितबाई. पोपट हलायचा नाही. कागद हलतील.”

मी यंत्राची वायर भिंतीतून उपसली. त्या खोलीत दहा वर्षांनी शांतता झाली आणि मुकादमाने दचकून माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी हस्तलिखितांचे एकेचाळीस बस्ते शिवणाच्या खोलीत नेले. अर्धवट शिवलेल्या झग्यांच्या खाली, बटणांच्या डब्यांशेजारी, ताईच्या कापडाच्या पेट्यांमध्ये ते बसवले. ग्रंथालयाकडून उसने आणलेले सात बस्ते मी परत केले, म्हणजे माझ्या ग्रंथाची आवृत्ती निदान वर्षभर लांबवली. ग्रंथपालांनी पानांच्या कडा पाहिल्या आणि विचारले, “बाई, इतक्या ठिसूळ कशा झाल्या?” म्हणजे कागदही मजेत नव्हते. मी पावती घेतली आणि घरी आले.

पुढचे दिवस मी कामाच्या दिवसांसारखेच काढले, कारण मला दुसरी रीत येत नाही. रोज सकाळी कपड्यांवर पाणी मारण्याची ताईची फवारणीची बाटली घासून धुवायची, कोमट पाणी भरायचे आणि मुकादमाच्या अंगावर नव्हे, त्याच्या वर हवेत फवारायचे, म्हणजे तुषार आपोआप खाली येतात. पहिल्या दिवशी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशीही. “पाठ का होईना, भिजली ना,” ताई म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्याने एक पंख उचलला. मापक चौतीसवरून सरकत बावन्नवर आला. खाण्यात उकडलेले अंडे, मोड आलेली कडधान्ये, गाजर, हिरवा पाला. सूर्य मावळला की पडदे, आणि सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचे नाही. माझा दिवाही नाही. नव्या वस्तू नाहीत, पाहुणे नाहीत, हाताळणे नाही. तो खाजवायला लागला की हात शिवशिवत, पण डॉक्टरीणबाईंनी बजावले होते: “तुम्ही काही उपटायचं नाही, सोलायचं नाही. तो मान पुढे करील तेव्हाच, आणि पांढरे पडलेले, वाळलेले कोंब तेवढेच.”

सातव्या दिवशी दुपारी रस्त्यावर एका ट्रकचे टायर फुटले. मुकादम उडाला, पिंजऱ्याच्या सळयांवर आदळला, आणि दांडीखालच्या कागदावर लाल थेंब टपटपू लागले. डाव्या पंखातला एक गडद कोंब मोडला होता.

मी जागच्या जागी खिळले. मी त्याविषयी सगळे वाचले होते.

“टॉवेल,” ताई म्हणाली. “अगं टॉवेल आण, पुस्तक नको!”

तिने त्याला टॉवेलात गुंडाळले, छाती न दाबता, पंख तेवढा बाहेर. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून तिच्या कानाशी धरला. “कॉर्नफ्लॉअर,” पलीकडून आवाज आला. “चिमूटभर, तिथेच दाबून धरा. दोन-तीन मिनिटं. सोडून बघू नका सारखं. नाही थांबलं तर लगेच घेऊन निघा.” ताईने दाबून धरले. त्याने तिच्या अंगठ्याचा चावा घेतला आणि सोडला नाही. तिनेही सोडले नाही.

“चाव बाबा, चाव,” ती त्याला सांगत होती. “हिला चावायला हवं होतंस, पण आता मीच सापडलेय तर चाव.”

चार मिनिटांनी रक्त थांबले. ताईच्या अंगठ्याचे थांबायला त्याहून जास्त वेळ लागला. पट्टी मी बांधली. वाईट बांधली, पण तिने सोडून पुन्हा बांधली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी फवारणीखाली मुकादम दोन्ही पंख पसरून, मान खाली घालून, पार निर्लज्जपणे न्हाला. मग अंग झटकले तेव्हा पांढऱ्या भुग्याचा ढग उठला, माझ्या चष्म्यावर, ताईच्या चहात. डोक्यावरच्या टोपीतून मधोमध एक हिरवी रेघ फुटली होती, इतकी हिरवी की जुनी पिसे शेजारी विटलेल्या कापडासारखी दिसली. त्याने मान वाकवून सळयांना टेकवली. ताईने चिमटीत एक वाळका कोंब धरला आणि सुताला पीळ देतात तसा हलकेच फिरवला. खोळ सुटली, पीस उलगडले. त्याने डोळे मिटले.

“झालं का?” तो म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदा.

“होतंय,” ताई म्हणाली. “घाई करू नकोस.”

चौदाव्या दिवशी समिती तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत बसली: अध्यक्षबाई, ज्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि सचिव, जे इतिवृत्तही लिहीत होते. माझ्या हातात अकरा पाने होती.

डॉक्टरीणबाईंचे पत्र अध्यक्षबाईंनी स्वतः वाचले. पहिल्या परिच्छेदात रोगाचा निकाल लागला.

“सचिव, तुम्ही पक्षी कधी पाहिलात?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“पिसं पाहिली ना.”

“मी पक्षी विचारला.”

“बाई, तीस वर्षांचा अनुभव आहे माझा. मला लांबून कळतं.”

“किती लांबून?”

“दुसऱ्या मजल्यावरून,” सचिव म्हणाले. आम्ही चौथ्यावर राहतो.

याच क्षणासाठी मी चौदा दिवस जगले होते, आणि तो अर्ध्या मिनिटात संपला. कारण सचिवांनी पत्र ओढून घेतले आणि दुसरा परिच्छेद मोठ्याने वाचला: ‘खोलीतील हवा कृत्रिमरीत्या अतिशय कोरडी ठेवल्यामुळे पक्ष्याला टाळता येण्याजोग्या वेदना झाल्या.’ डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. पत्र मागणाऱ्याला काय हवे आहे याचा त्यांनी विचार केला नव्हता.

“रोग नसेल,” सचिव म्हणाले, “पण हलगर्जीपणा झालाच. नियम बारा. परवानाधारकाने पक्ष्याला त्रास होऊ दिला तर परवाना रद्द. लिहिलं होतं ना मी?”

लिहिले होते. पिंजरा न पाहता, घंटा न वाजवता, पिसे मोजून त्यांनी एक शब्द बरोबर लिहिला होता. असे लेखनिक मला माहीत आहेत. त्यांच्या प्रतीत मधूनच एखादा शुद्ध पाठ निघतो आणि तो नाकारता येत नाही.

“कोणी ठेवली हवा कोरडी?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“आमच्या घरात यंत्र आहे,” ताई उठून म्हणाली. “घर माझं, पोपट माझा, परवाना माझा. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा. पण त्याला राहू द्या.”

“तसं होत नाही हो,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होते. “तुमच्यावर लिहिलं तर त्याला राहू देता येत नाही. नियमात परवानाधारक असंच आहे. दुसऱ्या कुणाची चूक असती तर परवाना राहिला असता; पण मग ती इतिवृत्तात नोंदवावी लागली असती आणि इतिवृत्त महिनाभर फलकावर लागतं.”

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. दोनदा सांगितल्याचे ती बोलली नाही, चिठ्ठीचे बोलली नाही. पट्टी बांधलेला अंगठा मुठीत धरून उभी होती. माझ्या अकरा पानांत सचिवांच्या वाक्यरचनेवर चार पाने होती, संसर्गाच्या व्याख्येवर दोन, पीसगळीच्या शास्त्रावर पाच. यंत्राचा उल्लेख कुठेही नव्हता. मी ती पाने उलटी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले की मला निवेदन द्यायचे आहे, ते शब्दशः घ्यावे. सचिवांनी पेन उचलले. मी सावकाश सांगितले. त्यांना एकही शब्द बदलू दिला नाही, आणि मागाहून सुधारण्यासाठी कागद समोर आला तेव्हा मीही बदलला नाही. इमारतीच्या फलकावर ते असे लागले:

‘परवानाधारक महिलेची धाकटी बहीण निवेदन करते की, खोली माझी होती आणि हवा कोरडी करणारे यंत्र माझे होते. त्या हवेचा पक्ष्याला त्रास होतो आहे असे माझ्या बहिणीने मला दोनदा सांगितले. तिने यंत्र बंद केले तेव्हा मी ते पुन्हा चालू केले आणि बंद करू नये अशी चिठ्ठी लावली. ती न पाहता बोलते आहे असे मी मानले. ती रोज त्याच्याकडे पाहत होती. मी पाहत नव्हते. तिने हलगर्जीपणा केला नाही. मी केला.’